रोपवेची तार पुसू नका

प्रति,
गडकिल्ले, लेणी आणि सह्याद्रीतल्या निसर्गदृश्यांच्या छायाचित्र स्पर्धा भरवणारे सर्व संयोजक आणि परीक्षक यांस

स. न. वि. वि.

तुमच्यापैकी एका मंडळाच्या यंदाच्या नियमावलीत एक नवं कलम आलंय. ‘वारसास्थळे व निसर्ग’ या विभागात आभाळ बदललेलं चालेल, आणि ‘चित्राच्या सौंदर्याला बाधा आणणारे घटक’ कोणत्याही सॉफ्टवेअरने, अगदी कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साधनानेही, काढून टाकलेले चालतील. मंडळाचं नाव मी घेत नाही. एक तर मंडळी भली आहेत, पदरमोड करून स्पर्धा भरवतात. दुसरं म्हणजे असंच कलम, शब्द थोडे इकडेतिकडे करून, इतरांच्याही नियमांत दिसायला लागलंय. एकट्याला धरून उपयोग नाही. मी आधी रीतसर ईमेल केला होता. उत्तर आलं ते नम्र होतं. ही साधनं आता प्रत्येकाच्या मोबाइलमध्ये आहेत, लोक लपूनछपून वापरतातच, त्यापेक्षा उघड परवानगी दिलेली बरी. शिवाय आमची स्पर्धा कलेची आहे, पुराव्याची नाही.

या शेवटच्या वाक्यावर मला बोलायचंय, आणि ते चारचौघांत बोलायला हवं, म्हणून हे खुलं पत्र.

माझा संबंध काय, ते आधी सांगते. मी गडांची छायाचित्रं काढते. पोट त्यावर नाही, पण सुट्ट्या, पैसे आणि गुडघे त्यातच गेलेत. काही पावसाळ्यांपूर्वी एका गडाच्या दरवाजालगतची तटबंदी ढासळली. रीतसर परवानगी घेऊन संवर्धनाचं काम करणाऱ्या मुलांना ती होती तशी पुन्हा रचायची होती. त्यांनी विचारलं, पडण्याआधीचा फोटो आहे का? त्या दरवाजाचे माझ्याकडे देखणे फोटो होते. सोनेरी उजेड, कमानीतून दिसणारी दरी, सगळं. त्यांतून काही कळेना, कारण ढासळलेला कोपरा प्रत्येकात काळ्या सावलीत. कामाला आला तो भलताच फोटो. मैत्रीण पायरीवर बसून बुटातला खडा काढतेय, तोंड वाकडं केलेलं, मागे कचऱ्याचा डबा. त्या डब्याच्या वर तटाचे थर मोजता येत होते. मधल्या एका चिऱ्याला तड गेलेली दिसत होती, आणि पाणी तिथूनच आत शिरत असणार हे त्या मुलांनी बघताक्षणी सांगितलं. तुमच्या नव्या कलमानुसार मी तो फोटो पाठवला असता तर आधी मैत्रीण गेली असती, मग डबा, आणि डब्यामागचे थर सॉफ्टवेअरने आपल्या मनाने भरले असते.

हे मनाने भरणं कसं असतं, त्याचाही एक नमुना. तुमच्यातल्याच एका स्पर्धेच्या प्रदर्शनात मी एक बक्षीसपात्र चित्र जवळ जाऊन पाहिलं. दरवाजाशेजारचा माहितीफलक पुसलेला होता. लांबून काही कळत नव्हतं. जवळून पाहिलं तर फलकाच्या जागी जे दगड आले होते त्यांचे उभे सांधे एकाखाली एक, वरपासून खालपर्यंत सरळ रेषेत. एका थराचा सांधा खालच्या थराच्या सांध्यावर येऊ द्यायचा नाही, हे कुठलाही गवंडी पहिल्या आठवड्यात शिकतो. आला तर भिंत उभी चिरते. ज्याने तो तट बांधला त्याला हे माहीत होतं. सॉफ्टवेअरला माहीत नव्हतं, स्पर्धकाने पाहिलं नाही, आणि परीक्षकांपैकी कुणालाही खटकलं नाही. उद्या कुणी विद्यार्थी त्या गडाच्या बांधकामावर लिहायला बसला आणि हे चित्र त्याच्या हाती पडलं, तर तो काय लिहील?

आता रायगडाचंच घ्या, कारण पुसापुशी सर्वांत जास्त त्याचीच होते. रोपवेची तार पुसतात. बाजारपेठेतली माणसं पुसतात, कचराकुंड्या आणि फलक पुसतात, काही जण राजसदरेवर आपल्या काळात बसवलेली मेघडंबरीही पुसतात, आणि खाली मथळा देतात ‘शिवकालीन रायगड’. पण ६ जून १६७४ रोजी राज्याभिषेक झाला तेव्हा या गडावर छपरं होती. वाडे नांदते होते, बाजारपेठेत वर्दळ होती. उघडी जोती, नुसत्या भिंती, आभाळाकडे आ वासलेली दालनं हे दृश्य शिवकालाचं नाहीच. १६८९ मध्ये गड मोगलांनी घेतला, पुढे तो पुन्हा मराठ्यांकडे आला, आणि मे १८१८ मध्ये इंग्रजांनी त्यावर तोफा डागल्या, गडावर आग लागली, इमारती भस्मसात झाल्या. आपण ज्याला रायगड म्हणून डोळ्यांत साठवतो ते त्या आगीनंतरचं चित्र आहे. म्हणजे तार पुसून तुम्ही १६७४ ला पोचत नाही. तुम्ही पोचता एका पडक्या गडावर, ज्यावर मेघडंबरी अजून बसायची आहे पण डागडुजी केलेले चिरे आणि गवत मात्र यंदाचं आहे. असा रायगड कोणत्याच साली नव्हता. माणसांनी भरलेला, तारेखालचा, फलकांचा रायगड मात्र आहे. तो आपल्या काळाचा आहे, आणि त्याची नोंद करणारे आपणच आहोत. दुसरं कुणी येणार नाही.

आणि ‘बाधा आणणारा घटक’ ठरवायचा कुणी? खांदेरीच्या बेटावर दीपस्तंभ आहे, १८६७ चा, इंग्रजांनी बांधलेला. शिवाजी महाराजांनी १६७९ मध्ये इंग्रजांच्या नाकावर टिच्चून हा जलदुर्ग उभारायला घेतला, त्यांच्या आरमाराशी झुंज दिली, आणि पुढे त्याच इंग्रजांनी तिथे दिवा लावला. इतिहासाचा हा टोला मला तरी देखणा वाटतो. पण दीपस्तंभ नसलेल्या खांदेरीची चित्रं मी पाहिली आहेत. स्वच्छ तट, नारिंगी आभाळ, एक होडी. होडीही मला जरा संशयास्पदच वाटली.

याहून डोळे उघडणारं उदाहरण कर्नाटकातल्या ऐहोळेचं आहे. तिथलं दुर्ग मंदिर आज मोकळ्या हिरवळीवर उभं दिसतं, अर्धवर्तुळाकार मागची बाजू, खांबांची ओवरी, चालुक्यांच्या काळातलं नितांत सुंदर काम. एकोणिसाव्या शतकातल्या छायाचित्रांत याच मंदिराच्या माथ्यावर ओबडधोबड दगडांची टेहळणीची चौकी दिसते आणि भोवती ढिगारा. मंदिर मधल्या काळात तटबंदीचा भाग होऊन गेलं होतं. नंतर ते सारं काढलं, आणि काढलं हे ठीकच. पण त्या वेळच्या छायाचित्रकाराला तुमचं कलम लागू असतं, तर मंदिराने काही काळ किल्ल्याची चाकरी केली होती, हे डोळ्यांनी पाहायला आपल्याकडे आज काहीच उरलं नसतं.

आपल्याकडे छायाचित्रण आलं आणि लगेच नोंदीच्या कामाला लागलं, हे विसरू नये. मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी १८५४ मध्ये निघाली; डॉ. भाऊ दाजींचे बंधू नारायण दाजी तिच्या कामात होते. १८५५ मध्ये कंपनी सरकारने कॅप्टन बिग्ज यांना मुंबई इलाख्यातल्या वास्तूंची छायाचित्रं काढायला नेमलं. अजिंठ्याला मेजर रॉबर्ट गिल १८४४ पासून भित्तिचित्रांच्या नकला रंगवत बसले होते. त्यांतल्या बहुतेक १८६६ मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसच्या आगीत जळाल्या. मग जे. जे. स्कूल ऑफ आर्टच्या ग्रिफिथ्स यांनी विद्यार्थ्यांना घेऊन नव्याने नकला केल्या. त्यांतल्याही कितीतरी १८८५ च्या आगीत गेल्या. याच गिल यांनी १८६० च्या दशकात लेण्यांची छायाचित्रंही काढली. चित्रकार म्हणून रंगवताना हात भरून काढतो, उजळ करतो. कॅमेऱ्याने मात्र तुटके खांब तुटकेच आणि दारातला राडारोडा दारातच ठेवला. पुढे दुरुस्त्या झाल्या, खांब सावरले गेले. मूळचं किती आणि नंतरचं किती हे ताडून बघायला अशीच जुनी, काही न आवरलेली छायाचित्रं लागतात. गिल यांनी ती बहुधा याचसाठी काढली नसतील. छायाचित्राचा मोठा उपयोग बरेचदा काढणाऱ्याच्या ध्यानीमनी नसलेला असतो, आणि नेमका तोच तुमचं कलम खोडून टाकतं.

तुमचं म्हणणं मी ऐकलंय की आभाळ बदलणं नवं नाही. खरं आहे. गुस्ताव्ह ल ग्रे याने १८५०च्या दशकात समुद्राची चित्रं दोन वेगवेगळ्या काचा जोडून छापली, एकीवर समुद्र, दुसरीवर ढग. मदुराई-तंजावरची अप्रतिम छायाचित्रं काढणारा लिनियस ट्राइप आपल्या निगेटिव्हवर हाताने ढग रंगवायचा. पण त्यांची अडचण समजून घ्या. त्या काळची रसायनं निळ्या प्रकाशाला इतकी हळवी होती की जमीन नीट उतरवावी तर आभाळ जळून कोरं व्हायचं. जे डोळ्यांना दिसत होतं ते यंत्राला पकडता येत नव्हतं, म्हणून ते भर घालत होते. तुमच्या स्पर्धकाच्या कॅमेऱ्यात आभाळ व्यवस्थित येतं. फक्त ते फिकट असतं, मे महिन्याच्या दुपारचं असतं, आणि त्याला ते आवडत नाही. या दोन गोष्टी एका मापाने मोजू नका.

आणि एकदा विश्वास गेला की तो चित्रापुरता जात नाही. फेलिचे बीटो याने १८५८ मध्ये लखनौच्या सिकंदरबागेचं छायाचित्र काढलं, पुढ्यात विखुरलेले सांगाडे. लढाई १८५७ च्या उठावातली, आदल्या नोव्हेंबरातली. चित्रासाठी हाडं उकरून मांडल्याचं त्या काळापासून सांगितलं जातं, आणि आज ते चित्र समोर ठेवलं की अभ्यासक आधी मांडणीबद्दल बोलतात, मेलेल्यांबद्दल नंतर. १९८२ च्या फेब्रुवारीत नॅशनल जिऑग्राफिकने उभ्या मुखपृष्ठात बसावेत म्हणून गिझाचे पिरॅमिड संगणकावर जवळ सरकवले. चार दशकं उलटली, तरी विषय निघाला की लोक तेच मुखपृष्ठ काढतात. सरकवलं होतं किती, तर थोडंसंच.

आता निसर्गाबद्दल. इतिहासात खोटं पकडायला अभ्यास लागतो. निसर्गात बरेचदा नुसती दिशा कळली तरी पुरते. तुमच्या एका स्पर्धेत पुरस्कार मिळालेल्या चित्रात इंद्रवज्राचं, म्हणजे धुक्यावर उमटणाऱ्या गोल इंद्रधनुष्याचं, पूर्ण वर्तुळ आहे आणि त्याच चौकटीत वर कोपऱ्यात सूर्यही आहे. हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्यावर ज्यांनी इंद्रवज्र पाहिलंय त्यांना हसू येईल. सूर्य पाठीशी लागतो, धुकं पुढ्यात खाली लागतं, आणि वर्तुळाच्या बरोबर मधोमध पडते ती बघणाऱ्याचीच सावली. सूर्य आणि इंद्रवज्र एकमेकांकडे तोंड करून असतात. एका चौकटीत यायचं तर निसर्गाला नियम मोडावा लागेल. दुसऱ्या एका चित्रात उत्तरेकडे तोंड असलेल्या बुरुजाच्या डोक्यावर, म्हणजे कॅमेऱ्याच्या समोर उत्तर आकाशात, आकाशगंगेचा गाभा झळकतोय. मी मथळ्यातल्या गडाचा नकाशा काढून बघितला, कॅमेरा कुठे असणार ते ताडलं. आपल्या अक्षांशावरून तो गाभा दक्षिणेकडेच चढतो आणि क्षितिजापासून साधारण ४३ अंशांच्या वर जात नाही. महाराष्ट्रातून उत्तरेला तो कुणालाही, कधीही दिसलेला नाही.

हे चुका काढण्यासाठी लिहीत नाही. यातून होतं काय, तर पावसाळ्यात ओल्या कातळावर बसून इंद्रवज्रासाठी सकाळच्या सकाळ वाट बघणारा पोरगा हरतो. वर तो बघून येतो की आपल्या फोटोतलं वर्तुळ फिकट आहे, अर्धं आहे, आणि बक्षीस मिळालेलं ठळक आणि पूर्ण आहे. पुढच्या वर्षी तो कड्यावर कशाला जाईल?

कारवीच्या झुडपाचंही तसंच. ती सात वर्षांनी फुलते, आणि सगळ्या डोंगरांवर एकाच वर्षी फुलते असंही नाही. कोणत्या घाटमाथ्यावर कोणत्या साली बहर आला, ही नोंद आपल्यासारख्या हौशी लोकांच्या फोटोंतून आपोआप साठत असते, फुकटात. उतार जांभळा रंगवायची परवानगी दिलीत की त्या साठ्यावर पाणी.

तिसरी तक्रार माझ्या लेखी सर्वांत गंभीर आहे, कारण ती चित्राच्या बाहेर पडते. बुरुजावर तैलरंगात नावं लिहिलेली असतात, बदाम काढलेले असतात. तुमचा स्पर्धक ती सॉफ्टवेअरमध्ये पुसतो. तटातून पिंपळ फुटलेला असतो, मुळं चिरे ढकलत असतात. तोही पुसतो, कारण रेषा बिघडते. तुम्ही ते चित्र निवडता, दिनदर्शिकेवर छापता, सभागृहात लावता, उद्घाटनाला मंत्री किंवा अधिकारी येतात आणि म्हणतात, वा, किती छान राखलाय गड! राष्ट्रीय संरक्षित स्मारकाची नासधूस हा १९५८ च्या कायद्याने गुन्हा आहे, पण गुन्हा दिसायला तर हवा. दरवर्षी पावसाळ्यात कुठे ना कुठे तट ढासळल्याची बातमी येते तेव्हा सगळे चकित होतात. पिंपळ काही एका रात्रीत वाढत नाही. तो कितीतरी फोटोंत होता, आणि तितक्याच फोटोंतून काढलेला होता.

त्यात आता जबाबदारी वाढलीय. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने मराठ्यांच्या लष्करी भूदृश्यांना जागतिक वारसा यादीत घेतलं. बारा किल्ले: महाराष्ट्रातले साल्हेर, शिवनेरी, लोहगड, खांदेरी, रायगड, राजगड, प्रतापगड, सुवर्णदुर्ग, पन्हाळा, विजयदुर्ग, सिंधुदुर्ग आणि तमिळनाडूतला जिंजी. मान मिळाला तो सुट्या बुरुजांना नाही. डोंगर, जंगल, पठार, खाडी, बेट यांचा उपयोग करून दुर्ग कसे रचले, या एकत्र दृश्याला मिळाला. प्रतापगडाभोवतीची झाडी आणि विजयदुर्गाची खाडी हा दुर्गाचाच भाग आहे. मग चित्रात डोंगराची सोंड ‘जरा नीट’ करणं, मागचा पवनचक्क्यांचा किंवा इमारतींचा थर उडवणं ही किरकोळ रंगसफेदी राहत नाही. गडाभोवती काय उभं राहतंय हे लोकांना कळण्याचा एक साधा मार्ग आपण बंद करतोय. राजगडाच्या माचीवरून टिपलेल्या रात्रीच्या फोटोंत क्षितिजावर पिवळट उजेडाचे पट्टे येतात, शहरांचे. ते मला आवडत नाहीत. पण ते तिथे आहेत, आणि वाढताहेत.

प्रत्यक्ष जागेवर होणारं नुकसान हा वेगळाच विषय, पण त्याला खतपाणी तुमच्या निकालांचं आहे म्हणून लिहिते. कोकणातल्या सड्यांवर, म्हणजे उघड्या खडकाळ पठारांवर, कोरलेल्या कातळशिल्पांच्या रेषा उथळ असतात. डोक्यावर ऊन आलं की कशेळीच्या अजस्र हत्तीशेजारी उभं राहूनही हत्ती कळत नाही. सकाळी लवकर किंवा मावळतीला, ऊन जमिनीला लगटून आलं की तो उठून दिसतो. यासाठी थांबावं लागतं. न थांबणारे रेषांत चुना भरतात, रांगोळी टाकतात, पाणी ओततात. चुना भरलेल्या एका शिल्पाच्या चित्राला तुमच्यातल्या एका मंडळाने उत्तेजनार्थ बक्षीस दिलंय. ही शिल्पं २०२२ पासून युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीत आहेत. ती ज्यात कोरलीत तो जांभा दगड सच्छिद्र असतो, भरलेलं सगळं पुसून निघत नाही. वीरगळांवर, म्हणजे वीरांच्या स्मारकशिळांवर, तेल ओतून ‘काळा तुकतुकीत’ फोटो काढणं, लेण्यात धुराची नळकांडी फोडून किरण दाखवणं, तटाच्या चर्येवर, म्हणजे माथ्यावरच्या कंगोऱ्यांवर, मॉडेल उभी करणं, ही सगळी त्याच वळणाची कामं. चित्र बघून हे कळतं. कळायला परीक्षकांत एखादा तरी असा हवा ज्याने दगड जवळून पाहिलाय.

एक तक्रार हक्कांची. तुमच्या बहुतेक नियमावल्यांत लिहिलेलं असतं की पाठवलेल्या सर्व छायाचित्रांचे हक्क संयोजकांकडे कायमचे राहतील. बरं, ठेवा. पण ती ठेवता कुठे? काही वर्षांपूर्वीच्या एका स्पर्धेतला एका जलदुर्गाचा फोटो मला अभ्यासासाठी हवा होता. संयोजक बदलले होते, हार्डडिस्क कुणाच्या तरी घरी होती, ती बिघडली होती. कायमचे हक्क घेणाऱ्याने कायमची निगाही घ्यावी, इतकं साधं आहे.

मागण्या अवघड नाहीत.

वारसा आणि निसर्ग विभागात चौकटीतलं काही काढू नये, काही घालू नये, आभाळ बदलू नये. उजेड-सावलीचा तोल, रंगसंतुलन, कातरणं, वाकडं क्षितिज सरळ करणं, सेन्सरवरच्या धुळीचे डाग काढणं यांना कुणाची हरकत नाही. एकाच जागेवरून, एकाच वेळी घेतलेल्या अनेक चौकटी जोडून केलेलं रुंद चित्र किंवा ताऱ्यांचं चित्रही चालावं, मात्र तसं सांगितलेलं असावं.

अंतिम फेरीतल्या प्रत्येकाकडून मूळ फाइल मागवा. सगळ्यांकडून नको, निवडलेल्यांकडूनच. सगळ्यांकडे महागडे कॅमेरे नसतात. मोबाइलवर काढलेल्यांनी फोनमधून निघालेली मूळ फाइल द्यावी, व्हॉट्सअ‍ॅपवरून फिरून आलेली नव्हे. हे अशक्य नाही. लंडनच्या नॅचरल हिस्टरी म्युझियमशी जोडलेल्या वन्यजीव छायाचित्र स्पर्धेने २००९ च्या विजेत्या चित्रातला लांडगा माणसाळलेला असल्याच्या निष्कर्षावर येऊन पुढच्याच जानेवारीत किताब काढून घेतला होता. त्यांची स्पर्धा त्यामुळे बंद पडली नाही.

मथळ्यात गडाचं नाव, तारीख आणि कॅमेऱ्याचं तोंड कोणत्या दिशेला होतं एवढं लिहून घ्या. अपवाद नाजूक जागांचा. नव्याने सापडलेलं कातळशिल्प किंवा गिधाडांचं घरटं यांचा नेमका ठिकाणा परीक्षकांपुरताच ठेवा.

परीक्षक मंडळात एक जण वास्तू किंवा पुरातत्त्व जाणणारा घ्या, आणि जागेला इजा करून काढलेली चित्रं, विनापरवाना ड्रोन उडवून काढलेलीसुद्धा, फेरीतूनच बाद करा. निकालपत्रात कारण लिहा, नाव नको.

ज्यांना आभाळ रंगवायचंय, गडावर छपरं चढवायची आहेत, त्यांच्यासाठी कल्पनाचित्रांचा वेगळा विभाग काढा आणि त्याला तेवढंच बक्षीस द्या. १६७४ चा रायगड जोती, कागदपत्रं आणि प्रवाशांची वर्णनं ताडून कुणी मनापासून उभा करणार असेल तर मी तिकीट काढून बघायला येईन. त्याने फक्त तो कॅमेऱ्याने टिपला असं म्हणू नये.

आजवरचे निकाल फिरवा असं मी म्हणत नाही. ज्यांनी तुमच्या नियमांत राहून पाठवलं त्यांचा दोष नाही. त्या चित्रांखाली ‘यात फेरफार आहे’ एवढी ओळ घाला, विशेषतः दिनदर्शिका आणि शाळांना दिलेल्या तक्त्यांवर. आणि निवडलेल्या चित्रांच्या मूळ फाइली मथळ्यांसकट एखाद्या सार्वजनिक ग्रंथालयाकडे किंवा विद्यापीठाच्या इतिहास विभागाकडे दरवर्षी जमा करा.

यंदाच्या माझ्या प्रवेशिका मी मागे घेतल्या आहेत. तसं संबंधित मंडळाला कळवलंय. राग म्हणून नाही, नियम बदलला तर त्याच प्रवेशिका मूळ फायलींसकट परत पाठवीन. फायली तपासायला माणसं कमी पडत असतील तर ते काम करायला मी आणि माझ्यासारखे काही जण विनामोबदला तयार आहोत. दसऱ्यानंतर तुमच्या पुढच्या स्पर्धांच्या जाहिराती सुरू होतात. त्याआधी, होकार असो वा नकार, उत्तर जाहीरपणे द्यावं ही विनंती.

कळावे,
आपली,
गडांची छायाचित्रं काढणारी एक वाटसरू